ऑपरेशन झालं, पण आजी ओळखेनात

(रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असेल, कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी गटाची मीटिंग संपवून तशाच बसून राहिल्या असतील. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज बोलायचं आहे ते बचतीबद्दल नाही आणि कर्जाबद्दलही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन झालं की त्यांच्या डोक्याला काय होतं आणि ते होऊ नये म्हणून आपण काय करायचं, हा आजचा विषय. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या गटांत आम्ही काम करतो. या विषयात आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, मग बाकीचं.

आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूबाई. नाव सांगत नाही, आपण त्यांना आजी म्हणू. सत्तरी ओलांडलेल्या. लावणीच्या दिवसांत शेतावरच्या बायांची न्याहारी घेऊन निघाल्या आणि बांधावरून पाय घसरला. दोन दिवस तेल लावून चोळणं चाललं. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेचना, तेव्हा एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलेलं. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं आणि ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं. घरच्यांनी पेढे वाटले.

दुसऱ्या रात्री आजी उठून बसल्या. सलाईनची नळी ओढून काढली. म्हणू लागल्या, गोठ्याला आग लागली, वासरू सोडा. सुनेकडे बघून विचारलं, तू कोण गं, माझ्या घरात काय करतेस? त्या रात्री त्यांचे हात पलंगाला बांधले. दोन-तीन दिवस असे गेले आणि मग आजी एकदम गप्प झाल्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. खायला दिलं तर एक घास, नाहीतर नाही. घरच्यांना हायसं वाटलं, चला, शांत झाल्या. तशाच घरी आणल्या.

आम्ही गटातल्या पाचजणी भेटायला गेलो. आजींनी कुणाला ओळखलं नाही. बाहेर ओट्यावर बसून आम्ही त्या ताईला काय सांगितलं? "वय झालंय गं, असं व्हायचंच." आमच्यातलीच एक म्हणाली, दवाखान्यातून काहीतरी बाहेरचं लागलं असेल. मग भगताकडे जाणं झालं, कोंबडं झालं, पैसे गेले. सुनेला बोल लागले ते वेगळेच, हिने नीट बघितलं नाही म्हणून. शेवटी आशाताई घरी आल्या. त्यांनी विचारलं, पाणी किती पितात? परसाकडला कधी झालं? लघवीला जळजळ आहे का? तेव्हा कुठे कळलं की पाच दिवस पोट साफ नव्हतं आणि अंगात कणकण होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथे लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झालं, पाणी पाजणं सुरू झालं आणि दोन-तीन आठवड्यांत आजी माणसांत आल्या.

पण पहिल्यासारख्या पूर्ण झाल्या नाहीत. ज्या बाईला वाडीतल्या प्रत्येक पोराचा जन्म कुठल्या पावसात झाला ते पाठ होतं, त्या आज दोनदा विचारतात, आज वार कोणता? आणखी एक गोष्ट नंतर कळली. आजींचा चष्मा आणि कवळी, दोन्ही दवाखान्यात हरवतील म्हणून पहिल्याच दिवशी घरी आणून कपाटात ठेवली होती. म्हणजे अनोळखी जागी, रात्रीच्या वेळी, आजींना धड दिसत नव्हतं आणि धड बोलताही येत नव्हतं. कपाट उघडलं तेव्हा ती ताई किती रडली ते आम्ही बघितलं आहे. तिचा दोष नव्हता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज आम्ही सांगतो.

या त्रासाला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. आपल्या जुन्या बायका म्हणायच्या, तापात वात झाला, वातात बरळतोय. तेच हे. माणसाचं डोकं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम गोंधळतं. जागा कळत नाही, माणूस ओळखू येत नाही, नसलेलं दिसतं. सकाळी बरं वाटतं, दिवेलागणीनंतर पुन्हा बिघडतं. असं खाली-वर होत राहणं ही त्याची मोठी खूण आहे.

त्याची दोन रूपं आहेत. एक आरडाओरड्याचं, नळ्या ओढणं, पलंगावरून उतरणं, मारायला धावणं. ते सगळ्यांना दिसतं. दुसरं गप्प रूप. माणूस झोपाळू होतं, हाक मारली तर उशिरा बघतं, बोलत नाही, खात नाही. हे कुणाच्या लक्षात येत नाही. उलट आपण म्हणतो, आजी किती शहाण्यासारख्या पडून आहेत. मैत्रिणींनो, गप्प रूपही तेवढंच धोक्याचं. आजी गप्प झाल्या तेव्हा त्या बऱ्या झाल्या नव्हत्या, आजार आत गेला होता.

आता कुणी म्हणेल, हे म्हातारपणाचं विसरणंच ना? नाही. म्हातारपणाचा विसराळूपणा, ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो. हा गोंधळ कालपर्यंत नव्हता आणि आज आहे. त्यामुळे "कधीपासून?" हा प्रश्न सगळ्यात मोठा. डॉक्टरांना आणि सिस्टरांना आजी आधी कशा होत्या हे ठाऊक नसतं, ते आपल्यालाच ठाऊक असतं. "आमच्या आजी अशा नाहीत, त्या परवापर्यंत बाजाराचा हिशोब तोंडी करत होत्या," हे वाक्य तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत तर तीच मोठी मदत.

घरच्या घरी तपासायची एक सोपी रीत आहे. वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार असे. शाळेत न गेलेल्या बाईलाही वार येतात. एरवी जिला जमायचं ती आज दोन वारांवरच अडकली, मध्येच भलतं बोलू लागली, तर तिचं लक्ष टिकत नाही असं समजा आणि लगेच सिस्टरांना सांगा. ऑपरेशनच्या आधी घरी एकदा म्हणून घ्या, म्हणजे नंतर ताडून बघता येतं.

हे का होतं? लोक म्हणतात, भूल जास्त दिली म्हणून. एवढं सोपं नाही ते. काही घरं हट्ट धरतात, पाठीतच इंजेक्शन द्या, पूर्ण भूल नको, म्हणजे डोकं शाबूत राहील. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये या दोन्ही पद्धतींची मोठी तुलना झाली आहे आणि गोंधळाच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. कुठली भूल द्यायची ते भूलतज्ज्ञांवर सोडा. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात असते ना, तशी विहीर. पाणी असतं, पण तळाला. एक घागर काढली तर चालतं, दहा जणी एकदम आल्या तर कोरडी पडते. ऑपरेशन ही एक घागर. दुखणं दुसरी. झोपमोड, उपास, पाणी कमी पडणं, ताप, संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, झोपेच्या गोळ्या, चष्मा नसणं, अनोळखी जागा, या बाकीच्या घागरी. पहिली घागर आपल्या हातात नाही. पण बाकीच्यांतल्या कितीतरी आपल्याच हातात आहेत.

हे आम्ही मनाचं सांगत नाही. १९९८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून साठीच्या पुढच्या १,२१८ रुग्णांची मोठ्या ऑपरेशननंतर बुद्धीची तपासणी केली होती. आठवड्यानंतर चारांतल्या एकाची बुद्धी आधीपेक्षा मंदावलेली होती आणि तीन महिन्यांनीही दहांतल्या एकाची तशीच होती. म्हणजे हा त्रास आपल्या एकट्यांच्या घरातला नाही. दुसरा अभ्यास चीनमधल्या चेंगडू शहरातला, २०२० साली छापून आलेला. तिथे सत्तरीच्या पुढच्या २८१ ऑपरेशनच्या रुग्णांचे दोन भाग केले. एका भागाला नेहमीची सेवा. दुसऱ्या भागात नर्सबाईंनी घरच्या माणसांना शिकवलं आणि घरच्यांनी तीन-चार साध्या गोष्टी रोज केल्या. बोलणं, चालवणं, खाऊपिऊ घालणं, झोप राखणं, ज्याला जे हवं ते. नेहमीच्या सेवेत शंभरात एकोणीस जणांना गोंधळ झाला. घरच्यांनी हात लावला तिथे शंभरात तीनसुद्धा नाहीत. औषधाची नवी बाटली नव्हती, नवं मशीन नव्हतं. घरची माणसं होती. आणि घरची माणसं तर आपल्याकडे आहेतच.

चला, आता काय करायचं ते. आधी ऑपरेशनच्या आधीचं.

पहिलं, खुब्याचं हाड मोडलंय अशी शंका असेल तर तेलपाणी आणि हाडवैद्य करत बसू नका. त्यात ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं. हर्निया, प्रोस्टेट, गुडघा अशी ठरवून करायची ऑपरेशनं असतील तर मधले आठवडे वाया घालवू नका. रक्त कमी आहे का, साखर, रक्तदाब हे तपासून घ्या. दोन वेळा पोटभर खाऊ घाला, अंडं, डाळ, मासळी जे घरात चालतं ते. रोज थोडं चालवा.

दुसरं, डॉक्टरांना खरं सांगा. आधीपासून विसरतात का, ऐकू कमी येतं का, पूर्वी ऑपरेशननंतर बरळले होते का. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, ज्यांनी गुंगी येते, त्या म्हाताऱ्या माणसाला जास्त गोंधळवतात. पण कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

तिसरं, दारूचं. आपल्याकडे हे लपवायची रीत आहे. "आमचे बाबा घेत नाहीत हो," असं सून सासऱ्याची लाज राखायला सांगते. पण रोज मोहाची घेणाऱ्या माणसाची दवाखान्यात एकदम बंद होते आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटकेसुद्धा येतात. त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना आधी कळलं तर त्यावर औषध आहे. लाज बाजूला ठेवा आणि सांगा. तंबाखू, मिश्रीचंही सांगून ठेवा.

चौथं, पिशवी. बाळंतपणाला जाताना आपण पिशवी भरतो ना, तशी ही म्हाताऱ्या माणसाची पिशवी. चष्मा. कवळी आणि तिची डबी. कानाचं मशीन असेल तर ते आणि जादा सेल. मोठ्या आकड्यांचं घड्याळ. छोटं कॅलेंडर. घरची गोधडी, जिचा वास ओळखीचा आहे. नातवंडांचा एक फोटो. चष्म्याला दोरा बांधा, डबीवर नाव लिहा, हरवायची भीती असेल तर. पण कपाटात ठेवू नका. ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना काढून घेतील, बाहेर आल्यावर भानावर आले की लगेच परत घाला.

उपासाचं विचारून घ्या. कितीपासून जेवण बंद आणि कितीपासून पाणी बंद, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुष्कळदा आपणच धास्तीने आदल्या संध्याकाळपासून पाणीही तोडतो आणि माणूस सुकतं. डॉक्टर सांगतील तेवढाच उपास, त्याहून जास्त नको आणि कमीही नको.

आता दवाखान्यातलं. सगळ्यात अवघड म्हणजे पहिल्या तीन-चार रात्री. वॉर्डात बहुतेक ठिकाणी एकाच नातेवाइकाला राहू देतात. रोज नवा माणूस पाठवू नका. दोघंच ठरवा, आलटून पालटून, ज्यांचा चेहरा त्यांना रोजचा आहे. आपल्याकडे हे सोपं नाही, आम्हाला ठाऊक आहे. शहापूरवाल्यांना आसनगावहून कसारा लोकल तरी आहे, मुरबाडच्या बायांना आधी एसटीने कल्याण गाठायचं आणि पुढे ठाणं, कळवा नाहीतर मुंबई. म्हणूनच आधी ठरवायचं.

सोबतीला बसलेल्या बाईने काय करायचं? मोबाईल बघत बसायचं नाही, बोलायचं. "आई, मी तुमची सून. आपण दवाखान्यात आहोत. तुमच्या पायाचं ऑपरेशन झालं. आज मंगळवार, आता सकाळचे नऊ वाजले." हे दिवसातून पुन्हा पुन्हा सांगायचं. गावच्या गोष्टी काढायच्या, पाऊस किती झाला, म्हैस व्याली का, कुणाचं लग्न ठरलं. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला लावायच्या, हळू आवाजात. भलतं बोलल्या तर वाद घालायचा नाही. "गोठ्यात आग नाही, तुम्हाला वेड लागलंय का," असं म्हटलं की भीती वाढते. "वासरू बरं आहे आई, मी आहे इथे," एवढंच आणि हात हातात घ्यायचा. परीक्षा घेतल्यासारखं "मी कोण, ओळखा पाहू" हे तर दहा माणसांसमोर मुळीच नको. तुमच्या हाताला हात लागला की त्यांना कळतं, शब्द नाही कळले तरी.

दिवसा उजेड, रात्री अंधार. सकाळी खिडकी उघडा, उठवून बसवा, दुपारभर झोपू देऊ नका. रात्री गप्पा बंद, मोबाईल बंद, शक्य तर डोळ्यांवर स्वच्छ फडकं. सिस्टरांना विनंती करा की मध्यरात्रीची तपासणी फार गरजेची नसेल तर दिवे कमी ठेवा. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मागू नका.

चालवणं. आपल्याकडे ऑपरेशन झालं की माणसाला "पडून राहा" हेच सांगतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी बसवा, उभं करा, चार पावलं टाका. खुब्याच्या ऑपरेशननंतरसुद्धा पुष्कळांना दुसऱ्या दिवशी उभं करतात. फिजिओथेरपीवाले आले नाहीत तर विचारा, कधी येणार? एकटं उठू देऊ नका, पडायची भीती असते.

खाणंपिणं. परवानगी मिळाली की थोडं थोडं, घोट घोट पाणी, पेज, सरबत. आधी तोंड धुवायचं, कवळी घालायची, मग घास. पण गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबू नका आणि आडवं झोपवून पाजू नका, श्वासनळीत जातं. बसवायचं, पूर्ण जागं करायचं, मग भरवायचं. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती ते डॉक्टरांना विचारा.

दुखणं. आपल्या म्हाताऱ्या बायका दुखतंय म्हणत नाहीत. आयुष्यभर सोसायचीच सवय. पण न बोललेलं दुखणं डोक्याला त्रास देतं. कपाळाला आठ्या, मुठी आवळलेल्या, हात लावू देत नाहीत, हे बघा आणि सिस्टरांना सांगा. दुखण्याची गोळी वेळेवर मिळाली पाहिजे.

लघवीची नळी. रोज राउंडला डॉक्टर आले की एकच प्रश्न विचारा, "आज नळी काढता येईल का?" नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका. काढल्यावर लघवी झाली का ते लक्षात ठेवा. पोट साफ होऊन तीन दिवस झाले तर लपवू नका.

आणि हात बांधण्याचं. कुणी बांधा म्हणाले तर भांडू नका, पण विनंती करा, "मी शेजारी बसते, मी हात धरते, बांधू नका. आधी हे का होतंय ते बघा." बांधल्याने माणूस जास्त बिथरतं. कारण शोधायला हवं. ताप आहे का, लघवी तुंबली का, रक्तातली साखर कमी झाली का, ऑक्सिजन कमी आहे का, नवी गोळी कुठली सुरू झाली? "डॉक्टर, हा डेलिरियम असू शकेल का?" हा शब्द पाठ करा. तो ऐकला की डॉक्टर थांबून ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

घरी आणल्यावर संपलं असं नाही. पहिल्या महिन्यात घर फार बदलू नका, त्यांची जागा त्यांनाच द्या. रात्री मोरीच्या वाटेवर एक बारीक दिवा ठेवा. डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा, कुठली कधी बंद करायची ते लिहून घ्या. लसूण सोलणं, शेंगा निवडणं, नातवाला गोष्ट सांगणं, असं हलकं काम हातात द्या. मोठे व्यवहार, अंगठा, सही, जमिनीचा कागद असलं काही या दिवसांत करून घेऊ नका. डोकं थाऱ्यावर यायला आठवडे, कधी महिने लागतात. तीन महिन्यांनीही विसरणं तसंच असेल तर तपासणी करून घ्या. घरच्यांना समजून घ्यायला कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. पण एकदम गोंधळ वाढला, ताप आला, दम लागला, उठवूनही उठत नाहीत, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर फोनवर बोलत बसू नका, १०८ बोलवा.

भगताचं काय, असं कुणी विचारेल. ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याशी आम्ही भांडत नाही. एवढंच म्हणतो, आधी दवाखाना. अंगारा लावायचा असेल तर दवाखान्यात नेता नेता लावा, पण अंगाऱ्यासाठी एक रात्रही थांबू नका. आजींचे ते दिवस आम्ही असेच घालवले.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात. तिथे आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ सालापासून वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. आधार घेऊन आत्ताच काढून ठेवा, पाय मोडल्यावर धावपळ नको.

आता गटाचं काम. आजींच्या नंतर आमच्या गटाने एक ठराव केला. गटातल्या कुठल्याही घरात साठीच्या पुढच्या माणसाचं ऑपरेशन ठरलं की मीटिंगमध्ये सांगायचं. दोघीजणी त्या घरी जाऊन पिशवी भरून देतात आणि वार उलटे म्हणून घेतात. घरची बाई दवाखान्यात असेल तेवढे दिवस तिच्या पोरांचं जेवण आणि गुरांचं पाणी आळीपाळीने. एकीने रोज फोन करून चारच प्रश्न विचारायचे. चष्मा घातलाय का? किती प्यायल्या? चालवलं का? रात्री झोपल्या का?

हे केल्यावर काय झालं तेही सांगतो, जादू झाली असं नाही. मुरबाडकडच्या आमच्या एका मैत्रिणीचे वडील, पंच्याहत्तरीच्या घरात, त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सगळी तयारी होती. तरी दुसऱ्या संध्याकाळी बाबा बोलताना अडखळू लागले, खाटेवरून उतरून "बैल सोडायचेत" म्हणाले. पण मुलगी शेजारी होती. तिने वार म्हणून घेतले, जमले नाहीत. पाच मिनिटांत ती सिस्टरांकडे. "बाबा असे नाहीत. सकाळी ठीक होते. दुपारपासून लघवी झाली नाही." तपासलं, लघवी तुंबलेली होती. नळी घालून मोकळी केली. ती रात्रभर हात धरून बसली. पहाटे बाबांनी विचारलं, "तू झोपली नाहीस का?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते ताळ्यावर होते. आज ते शेतात जातात आणि बाजारात भाव करताना कुणाला ऐकत नाहीत.

दोन्ही घरं सारखीच गरीब, दोन्ही पोरी सारख्याच मायेच्या. फरक एवढाच की दुसरीला आधी कुणीतरी सांगितलं होतं.

मुंबईतल्या मोठमोठ्या दवाखान्यांच्या नळाला आपल्या तानसा-भातसाचं पाणी येतं. तिथे आपली म्हातारी माणसं जातात तेव्हा मात्र घोटभर पाण्यावाचून, चष्म्यावाचून, ओळखीच्या एका हाकेवाचून हरवतात. ती हाक आपण मारायची आहे. येत्या मीटिंगला हा विषय घ्या. कुणाकडे ऑपरेशन ठरलंय का विचारा. आणि आज रात्री जेवताना घरातल्या सासूबाईंना, आईला, सासऱ्यांना सहज म्हणा, जरा वार उलटे म्हणून दाखवा बघू. हसतील तुम्हाला. हसू द्या.

आमच्या त्या आजींनी काल आम्हाला विचारलं, रेडिओवर काय बोलणार? आम्ही म्हटलं, तुमचंच. त्या म्हणाल्या, "सांग मग सगळ्यांना, म्हातारीचा चष्मा कपाटात ठेवू नका."